मोंढ्याशेजारच्या सेवा केंद्रातून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूर-बीडच्या शिवेवरच्या एका तालुक्याच्या गावात आमचं सेवा केंद्र आहे. एका अंगाला तहसील, दुसऱ्या अंगाला मोंढा. तहसीलातून परत पाठवलेला माणूस आणि मोंढ्यात भाव ऐकून आलेला माणूस, दोघंही आमच्याच बाकड्यावर टेकतात. फॉर्म भरता भरता ते जे विचारतात ते इथं लिहून काढलंय. काही ठिकाणी नियम आहे, काही ठिकाणी माझं मत आहे. माझं म्हणणं तसं एकच आहे आणि ते पुढं जागोजाग येईल: सरकारच्या एका खात्याकडं असलेली माहिती दुसऱ्या खात्यानं स्वतः बघून घ्यावी, आणि मशीन चुकलं तर त्याचा भुर्दंड माणसाच्या खिशावर पडू नये.

फार्मर आयडी काढला. आता सातबारा, आठ-अ द्यायचं काम संपलं का?

संपायला पाहिजे होतं, पण पुरतं संपलेलं नाही. ॲग्रीस्टॅकचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदीचा, हा ११ अंकी क्रमांक तुमचं आधार आणि तुमच्या नावावरची जमीन यांची गाठ घालतो. कृषी विभागाच्या योजनांसाठी राज्यात तो १५ एप्रिल २०२५ पासून सक्तीचा आहे. गाठ नीट बसली असेल तर अर्जात गट नंबर आणि क्षेत्र आपोआप येतं. ठिबकच्या अर्जासाठी दर खेपेला उतारे काढत फिरायचे दिवस गेले, हे मी मोकळेपणानं चांगलं म्हणतो.

अडतं ते नावावर. सातबाऱ्यावर ‘मारोती बापूराव’, आधारवर ‘मारुती बापू’. पोर्टल दोन्ही नावं किती जुळतात ते तपासतं आणि कमी जुळली की अर्ज मंजुरीसाठी तलाठ्याकडं जातो. तलाठ्याकडं चार गावं. म्हातारा माणूस काठी टेकत विचारतो, ‘नाव मी लिहिलं होतं का बाबा?’ त्याचं बरोबर आहे. सातबारा सरकारनं लिहिला, आधारही सरकारनंच दिलं. दोन दप्तरांतलं अंतर मिटवायचं काम त्या म्हाताऱ्याचं नाही.

जमीन अजून मयत आजोबाच्या नावावर असेल तर आधी वारस नोंद करा. २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत गावोगाव ही कामं झाली. ज्यांची राहिली त्यांनी मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावं घेऊन तलाठ्याकडं जावं. वारस नोंदीशिवाय आयडी काढायला येऊ नका, खेप वाया जाते.

ई-पीक पाहणी राहून गेली तर काय बिघडतं? शेतात पीक तर उभं आहे.

बरंच बिघडतं. हमीभाव केंद्रावर नोंदणी करताना सातबाऱ्यावरची पिकाची नोंद बघतात. विम्याला आणि नुकसानभरपाईलाही तीच नोंद लागते. शेतात सोयाबीन आणि सातबाऱ्यावर पेरा कोरा असेल, तर सरकारी दप्तराच्या लेखी तुमचं रान पडीक.

ही पाहणी, म्हणजे शेतकऱ्यानं मोबाइल ॲपवरून स्वतः पिकाची नोंद करणं, १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. त्याआधी तलाठी पीकपेरा लिहायचा आणि मागच्या साली जे होतं तेच पुढं उतरायचं, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शेतकऱ्यानं आपलं पीक आपण नोंदवावं ही कल्पना मला पटलेली आहे. माझी तक्रार अंमलावर आहे. गटात उभं राहूनच फोटो काढावा लागतो. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात कित्येक शिवारांत रेंजच नाही, जुन्या फोनचं जीपीएस तुम्हाला शेजाऱ्याच्या गटात उभं दाखवतं, आणि मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात सर्व्हर मान टाकतो. म्हणून पेरणीनंतर उगवण दिसली की लगेच नोंद करा. नोंद चुकली तर ४८ तासांच्या आत ती दुरुस्त करता येते. गावासाठी सहायक नेमलेला असतो, त्याचं नाव ग्रामपंचायतीत विचारा. पोराच्या फोनवरून केली तरी चालते, पण नोंद झाल्याचा पडदा फोटो काढून जवळ ठेवा.

सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये आहे म्हणता. मग मोंढ्यात तो का मिळत नाही?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

५३२८ हा २०२५-२६ चा क्विंटलचा हमीभाव, त्याआधीच्या साली ४८९२ होता. हा भाव सरकार खरेदी करेल तिथंच मिळतो. मोंढ्यात सौदा होतो तो बाजाराच्या भावानं, आणि बाजार दोन गोष्टींवर चालतो: तेल आणि पेंड. एका क्विंटल सोयाबीनमधून साधारण १८ ते २० किलो तेल निघतं, बाकी मोठा भाग पेंडीचा. म्हणजे पेंडीला गिऱ्हाईक नसलं की सोयाबीनलाही नाही. आपली पेंड ब्राझील-अर्जेंटिनाच्या पेंडीपेक्षा महाग पडते, म्हणून बाहेर कमी जाते. देशातल्या कोंबडीखाद्यात इथेनॉल कारखान्यांतून निघणारा मक्याचा आणि तांदळाचा चोथा स्वस्तात शिरलाय. पेंड दोन्हीकडून दाबली गेली.

राहिलं तेल. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्रानं कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लावलं. उशिरा का होईना, निर्णय शेतकऱ्याच्या बाजूचा होता. मग ३० मे २०२५ ला तेच शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं. तारीख बघा. मृग निघायला आठ दिवस राहिले होते. बियाणं घरात आलेलं, खताची उधारी झालेली. शहरातल्या माणसाला तेल स्वस्त मिळावं याला माझा विरोध नाही, त्याचंही घर चालायचंय. पण पेरणीच्या तोंडावर नियम बदलू नयेत. शुल्काचं जे काही ठरवायचंय ते मार्चमध्ये ठरवा आणि पुढचा मार्च येईपर्यंत त्याला हात लावू नका. म्हणजे तूर लावायची की सोयाबीन, हे शेतकरी डोळे उघडे ठेवून ठरवील.

आणि ओलाव्याची गोष्ट. हमीभाव केंद्रावर १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. आपल्याकडं सोयाबीन निघतं दसरा-दिवाळीला, आणि परतीचा पाऊस आता तेव्हाच असतो. ओलावा मोजायचं यंत्र बघितलं असेल: मूठभर दाणे पेल्यात टाकतात, वरून दाबतात, आकडा येतो. त्याच ढिगाचा वरचा दाणा घेतला तर १२, आतला घेतला तर १४. केंद्रावर नेण्याआधी माल ताडपत्रीवर पातळ पसरून दोन उन्हं द्या आणि नमुना घेताना स्वतः समोर उभे राहा. २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारनं ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, पण ती नोव्हेंबरात. गरजवंतांनी तोवर माल आडतीवर घालून टाकला होता. त्या हंगामात राज्यात ११ लाख टनांहून जास्त सोयाबीन सरकारनं घेतलं, हेही खरं आहे, आणि बारदाना नाही म्हणून मापं थांबली, ट्रॅक्टर केंद्राबाहेर मुक्कामाला राहिले, हेही खरं आहे.

मोंढ्यात विकलं तर पक्की पट्टी घ्या. हमाली, तोलाई वेगळी लिहून घ्या. चिठ्ठीवर आकडा लिहून दिला तर घेऊ नका.

कापसाला पण आता ॲप?

हो. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला, म्हणजे सरकारच्या कापूस महामंडळाला, कापूस घालायचा तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून तारीख घ्यावी लागते. २०२५-२६ ला लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये, मध्यम धाग्याचा ७७१०. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव उतरतो आणि १२ च्या वर घेतच नाहीत. १९ ऑगस्ट २०२५ पासून डिसेंबरअखेरपर्यंत कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कही माफ होतं. आपला कापूस वेचणीला येतो तेच महिने. तेलाबद्दल वर जे म्हटलं तेच इथंही लागू.

एक रुपयातला पीक विमा का बंद केला? आणि आता विमा काढावा की नाही?

२०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा राज्य सरकार भरत होतं, आपण फक्त एक रुपया द्यायचो. २०२५ च्या खरिपापासून ते थांबलं. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्के आपले आपण भरायचे. बंद करताना कारण दिलं ते बोगस अर्जांचं. दुसऱ्याच्या गटावर, नसलेल्या पिकावर विमे उतरवले गेले आणि त्यात आमच्या बीड जिल्ह्याचं नाव पुढं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण शिक्षा कुणाला झाली बघा. हप्ता वाढला तो सगळ्यांचा. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आधी अतिवृष्टीनं शेत गेलं तर ७२ तासांत कळवून स्वतःच्या शेताची भरपाई मागता यायची. पेरणी झाली नाही, हंगामात मोठं संकट आलं, काढणीनंतर सुडी भिजली, असे वेगवेगळे दरवाजे होते. २०२५ ला राज्यानं ते बंद करून फक्त पीक कापणी प्रयोग ठेवला. म्हणजे तुमच्या महसूल मंडळात ठरावीक जागी पीक कापून उत्पन्न काढायचं आणि ते उंबरठ्याच्या, म्हणजे मंडळासाठी आधी ठरवलेल्या उत्पन्नाच्या, खाली आलं तर सगळ्या मंडळाला भरपाई. त्याच साली सप्टेंबरात मांजरा, सीना, गोदावरी अंगावर आल्या. नदीकाठच्या माणसाची माती खरवडून गेली, आणि त्याच मंडळातल्या माळावरच्या माणसाचं पीक बऱ्यापैकी तगलं. सरासरी काढली की नदीकाठचा माणूस बुडाला. बोगस अर्ज पकडायला ई-पीक पाहणीची नोंद होती, उपग्रहाचं चित्र होतं, फार्मर आयडी होता. एवढं सगळं हाताशी असताना खऱ्या माणसाचा दरवाजा बंद करणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हे मी तालुक्याच्या बैठकीतही बोललोय.

काढावा की नाही? नदी-नाल्याकाठी असाल, कर्ज घेतलेलं असेल, तर काढा. अर्ज भरल्याबद्दल सेवा केंद्राला विमा कंपनीकडून प्रति शेतकरी ४० रुपये मिळतात. त्यामुळं तुमच्याकडून विमा हप्त्यापलीकडं पैसे मागितले तर देऊ नका, आमच्या केंद्रावरही नाही.

आमच्या शिवारात ढगफुटीसारखा पाऊस झाला, पण मंडळाच्या यादीत अतिवृष्टी नाही. असं कसं?

२४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. नोंद करतं ते महसूल मंडळातलं महावेध प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र. एका मंडळात दहा-पंधरा गावं आणि पाऊस आता एका बांधावर पडतो, दुसऱ्यावर नाही. गावागावात पर्जन्यमापक बसेपर्यंत हा अन्याय होत राहणार. तोवर पाणी साचलेल्या शेताचे तारीख-ठिकाण दिसणारे फोटो काढा आणि पंचनाम्याला आलेल्या तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक यांच्यासमोर स्वतः हजर राहा. पंचनाम्यावर क्षेत्र किती लिहिलं ते वाचल्याशिवाय सही करू नका.

अनुदान जमा झालं म्हणून यादीत नाव आहे, पासबुकात मात्र एक रुपया नाही.

दहातल्या निम्म्या वेळा पैसे आलेले असतात, पण भलत्याच खात्यात.

सरकारी पैसे आता खाते नंबर बघून येत नाहीत, आधार बघून येतात. कोणत्या आधारला कोणती बँक, याची एक नोंद एनपीसीआयकडं, म्हणजे बँकांमधले व्यवहार जुळवणाऱ्या संस्थेकडं, असते आणि त्यात एका वेळी एकच बँक असते. तुम्ही शेवटी जिथं संमती दिली ती. ‘मी बँकेत आधारची झेरॉक्स दिली’ म्हणजे ही नोंद झाली असं नाही. झेरॉक्सनं फक्त केवायसी होते. कधी बचत गटाच्या कर्जासाठी, कधी गावात आलेल्या एखाद्या माणसाच्या मशीनवर अंगठा देऊन नवीन खातं उघडलेलं असतं आणि पैसे तिकडं वळतात. बाईला ठाऊकही नसतं.

आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती बघता येते. आधारला मोबाइल जोडलेला असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. तिथं जी बँक दिसेल तिच्यात जाऊन पासबुक भरून घ्या. बदलायची असेल तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथं आधार जोडणीचा लेखी संमती अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टमन घरी येऊनही उघडतो.

लाडक्या बहिणीच्या केवायसीत नवऱ्याचा ओटीपी कशाला?

उत्पन्न फक्त बाईचं धरत नाहीत, घराचं धरतात. वर्षाला अडीच लाखांची मर्यादा आहे, म्हणून लग्न झालेलीनं नवऱ्याचं आणि न झालेलीनं वडिलांचं आधार द्यायचं. कागदावर ठीक दिसतं. पण नवरा ऊसतोडीला गेलेला, त्याचा फोन बंद. किंवा नवरा सोडून गेलेला, तो ओटीपी सांगतो कशाला? विधवा आणि परित्यक्तांना तर सुरुवातीला पोर्टलवर वाटच नव्हती, नंतर कागदपत्रांवर सोय केली. दीड हजारासाठी बाईला सोडून गेलेल्या माणसाच्या दारात उभं करणं चूक आहे. हा नियम आखताना टेबलाभोवती अशी एकही बाई बसलेली नसणार.

रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. धान्य बंद होईल का?

अंगठा उठला नाही एवढ्यावरून धान्य नाकारता येत नाही. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आहे. केवायसीसाठीही चेहरा चालतो.

आमच्याकडं हा प्रश्न सगळ्यात जास्त ऊसतोड कुटुंबांचा आहे. कोयता, पाचट, मोळ्या बांधायचे वाढे यांनी बोटं घासून गुळगुळीत झालेली. एक मावशी परवा आल्या होत्या. मशीनच्या काचेवर त्यांचा अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागायचा आणि पडदा म्हणायचा, जुळत नाही. हात धुतला, पुसला, दुसरं बोट, तिसरं बोट. शेवटी चेहऱ्यावरून झालं. बाहेर पडताना त्या पोराला म्हणाल्या, ‘माय, हाताची ओळखच गेली बघ.’ ज्या हातांनी राज्याची साखर उभी केली त्यांना मशीन ओळखत नसेल तर दुरुस्त करायचं ते मशीन.

कारखान्यावर जाताना रेशन कार्डाचा नंबर आणि आधार सोबत ठेवा. एक देश एक रेशन कार्डात सांगली, कोल्हापूर किंवा कर्नाटकातही तुमच्या वाट्याचं धान्य उचलता येतं. तिथला दुकानदार नाही म्हणाला तर तिथल्या तहसीलच्या पुरवठा शाखेत तक्रार करा. मात्र केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांचं वेगळं आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांसह राज्यातल्या १४ जिल्ह्यांत त्यांना २०२३ पासून धान्याऐवजी खात्यात रोख मिळते, आधी माणशी १५० आणि पुढं १७० रुपये महिना.

फोन पेवर पैसे घेतले तर जीएसटी लागतो का?

नाही. पैसे कसे आले यावर कर नसतो. मालाची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर किंवा सेवेची २० लाखांच्या वर गेली तर नोंदणी लागते. ताज्या भाजीवर जीएसटी नाहीच. भाजीवाल्या मावशींनी कोड बिनधास्त लावावा.

लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सॲपवर फाइल आली, उघडली नाही अजून.

उघडू नका. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, तुमचा फोन दुसऱ्याच्या हातात देणारं ॲप आहे. पीएम किसानची यादी, आरटीओचा दंड या नावांनीही तेच येतं. उघडून बसला असाल तर फोनचं नेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला, १९३० ला, लावा आणि बँकेला खातं थांबवायला सांगा. पहिला तास मोलाचा असतो. आणि पैसे घेताना पिन कधीच लागत नाही, फक्त देताना लागते.

सौर पंप घ्यावा की लाइटच्या कनेक्शनची वाट बघावी?

रात्रीच्या पाळीत विंचू-काट्यातून दारं धरणाऱ्याला दिवसा पाणी मिळतं, यातच सौर पंपाची किंमत वसूल आहे. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के भरायचे. पाच वर्षं दुरुस्ती पुरवठादाराची आणि विमाही त्यातच.

एक अडचण मात्र आधी बघा. अश्वशक्ती जमिनीवर ठरते: अडीच एकरापर्यंत ३, पाच एकरापर्यंत ५, त्यावर साडेसात. आमच्याकडं बोअर पाचशे-सहाशे फूट गेलेत. तिथून ३ अश्वशक्तीचा सौर पंप पाणी ओढत नाही. ज्याची जमीन सगळ्यात कमी त्याच्याच वाट्याला सगळ्यात लहान पंप येतो, आणि पाणी तर सगळ्यांचं सारखंच खोल. अश्वशक्ती पाण्याच्या खोलीवर ठरवावी, ही मागणी ग्रामसभेच्या ठरावात घालून पाठवा. विहीर असेल, पाणी वर असेल, तर खुशाल घ्या.

संभाजीनगरला एवढ्या मोठ्या कंपन्या येतायत. आमच्या पोराला काय?

ऑरिक, म्हणजे शेंद्रा-बिडकीनची औद्योगिक नगरी, मिळून सुमारे १०,००० एकर. टोयोटा किर्लोस्करनं जुलै २०२४ मध्ये तिथं साधारण २०,००० कोटींच्या प्रकल्पाचा करार केला, एथर एनर्जीचाही प्रकल्प तिथंच आहे. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आणि १७ सप्टेंबर २०२५ ला बीडला रेल्वे आली. हे सगळं बघून मला मनापासून आनंद होतो. बीडच्या रेल्वेची वाट बघत पिढ्या गेल्या.

पण लातूरचा अनुभव विसरू नये. रेल्वे डब्यांच्या कारखान्याचं भूमिपूजन ३१ मार्च २०१८ ला झालं, पहिला सांगाडा डिसेंबर २०२० मध्ये निघाला, आणि मोठं काम हाती आलं ते वंदे भारतच्या स्लीपर गाड्यांचं, नंतर बऱ्याच वर्षांनी. मधल्या काळात कितीतरी पोरं चाकणला निघून गेली. ‘लातूर पॅटर्न’नं डॉक्टर, इंजिनिअर घडवले, वेल्डर आणि फिटर घडवायची तेवढी फिकीर कुणी केली नाही. आयटीआयत जुनी यंत्रं आहेत. पोराला विचारून बघा, वेल्डिंग किंवा सीएनसीत मन रमतंय का. रमत असेल तर त्यालाच घाला आणि शिकाऊ उमेदवारीची नोंदणी पहिल्या वर्षापासून करा.

स्मार्ट मीटरनं बिल आधी भरावं लागेल का?

घरगुती ग्राहकाला बिल नंतरच येतं. सकाळी ९ ते सायंकाळी ५ मधल्या वापराला १ जुलै २०२५ पासून सवलत आहे. पिठाची गिरणी, पाण्याची मोटर त्या वेळात चालवा.

एआय आलं की तुमचं केंद्र बंद पडणार का?

राज्यानं जून २०२५ मध्ये ५०० कोटींचं कृषी-एआय धोरण मंजूर केलंय. फोनला मराठीत विचारलं तर तो कीड ओळखतो, अर्जाचा मसुदाही लिहून देतो. आमच्याकडं येणारी पोरं ते करतातच, मीही करतो. पण लोक आमच्याकडं मसुद्यासाठी येत नाहीत. अर्ज का नाकारला हे कुणी सांगत नाही म्हणून येतात. नाकारल्याचं खरं कारण मराठीत, अधिकाऱ्याच्या नावानिशी पडद्यावर यायला लागलं, तर आमची अर्धी गर्दी उद्या कमी होईल, आणि मला ते आवडेल.

अर्ज तीन महिने ‘प्रलंबित’ दाखवतोय. कुणाला भेटू?

भेटण्याआधी तारीख मोजा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. उत्पन्नाचा दाखला असो, जातीचा की फेरफाराची नोंद, अधिसूचित सेवेला मुदत ठरलेली आहे आणि ती कार्यालयात फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत उलटली की ‘आपले सरकार’ पोर्टलवरूनच पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, आणि शेवटी राज्याच्या सेवा हक्क आयोगाकडं. विनाकारण अडवणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. अपिलाला वकील लागत नाही.

लागतो तो अर्जाचा क्रमांक. तो पावतीवर असतो, म्हणून केंद्र कोणतंही असो, पावती घेतल्याशिवाय उठू नका. हरवली असेल तर आधार घेऊन या, ज्या मोबाइल नंबरवरून अर्ज भरला त्यावर शोधून देतो. पहिल्या अपिलाचा मसुदा केंद्रावर तयार ठेवलाय, त्याचे पैसे घेत नाही. मंगळवारी बाजाराला गर्दी असते, बुधवारी सकाळी या.